धाकली ऊर्फ मंदोदरी

लहान्या गुरुजी चाळीस वर्षं दर वर्षी एकदा मरत आले. बोहाड्यातलं रावणाचं सोंग त्यांच्या घराण्याचं. उन्हाळ्यात गावात मुखवट्यांचा हा उत्सव लागला, की गुरुजी दहा तोंडांचा मुखवटा चढवायचे, संबळाच्या तालावर नाचायचे, रामाचा बाण खाऊन मातीत आडवे व्हायचे आणि सकाळी तोंड धुऊन, चहा पिऊन पहिलीच्या वर्गाला बाराखडी शिकवायला जायचे. त्यामुळे गेल्या श्रावणात ते खरोखरच गेले तेव्हा सूर्यमाळच्या अलीकडच्या त्या पाड्यात निम्म्या लोकांचा विश्वास बसेना. शेजारची मंगळीकाकू तर म्हणालीसुद्धा, "उचलायची घाई नका करू. उजाडू दे."

उजाडलं. गुरुजी उठले नाहीत.

त्यांची एकुलती एक लेक जयश्री जव्हारच्या हायस्कुलात मराठी शिकवते. वय चव्वेचाळीस, घरात चार कपाटं पुस्तकं, आणि तेरा दिवसांत डोळ्यांतून पाण्याचा थेंब नाही. या शेवटच्या गोष्टीची पाड्याने नीट नोंद घेतली होती. "शिकलेल्या बायांना रडू येत नाय," मंगळीकाकूने निदान केलं होतं, "पुस्तकात मुरतं."

चौदाव्या दिवशी जयश्रीला वडिलांच्या पेटीत एक शंभर पानी वही सापडली. वर गुरुजींच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलेलं: 'लंकेची तयारी'. गुरुजींना लंकेला जायचं होतं, हे तिला माहीत होतं. "चाळीस वर्षं राज्य केलं आणि राजधानी एकदाही पाहिली नाही, असा राजा दुसरा झाला नसेल," असं ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे. जयश्रीला "चल आमच्याबरोबर" असं त्यांनी तीनदा म्हटलं होतं. "पुढच्या वर्षी बघू, बाबा," असं ती तिन्ही वेळा म्हणाली होती. एकदा दहावीच्या पेपरांमुळे, एकदा निवडणुकीच्या ड्युटीमुळे आणि एकदा कशामुळेच नाही.

वहीत सामानाची यादी होती. सगळं दोघांच्या बेताने. टोप्या दोन, चपलांचे जोड दोन, आधारकार्डाच्या झेरॉक्स दोन-दोन, मीठ (जळवांसाठी), नागलीचे पापड (पोटासाठी), हातरुमाल तीन. माणसं दोन आणि रुमाल तीन हे जयश्रीला खटकलं. मग तिला आठवलं, की मुखवट्याची कड कपाळाला रुतू नये म्हणून गुरुजी मध्ये रुमालाची घडी ठेवायचे. सवयीने लिहून गेले असतील, असं म्हणून तिने वही मिटली आणि आईला म्हणाली, "ही जपून ठेव."

"ठेवायची कशाला?" आई म्हणाली. "मी जाते ना."

"कुठे?"

"लंकेला. चाळीस वर्षं समदा गाव मला मंदोदरी म्हणतो. अन् सासर एकदा पण नाय बघितला."

आता इथे सांगायला हवं, की जयश्रीच्या आईचं कागदोपत्री नाव धाकली. चार बहिणींत शेवटची, म्हणून धाकली; नाव ठेवायचा कंटाळा केलेल्या आईबापांनी जन्मभर पुरेल असं विशेषण तिच्या गळ्यात बांधलं होतं. लग्नानंतर नवरा रावण झाला, त्यामुळे ती ओघानेच मंदोदरी झाली. गावात हाक मंदोदरी, रेशनकार्डावर धाकली. दोन्ही नावं इतकी वर्षं शेजारी शेजारी नांदली. भांडण लागलं ते पासपोर्टमुळे.

पण त्याआधी सल्ल्यांचं. मंदोदरी लंकेला निघाली ही बातमी खोडाळ्याच्या बाजारात पोचायला एक आठवडी बाजार पुरला. लंकेला जाऊन आलेलं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. सल्ला द्यायला ही पात्रता पुरेशी होती.

"हनुमानाचा फोटो नेऊ नको," मंगळीकाकूने पहिल्याच दिवशी ओटीवर बसकण मारून बजावलं. "सामान तपासतात. सापडला तर काय सांगशील? तिकडं त्याच्यावर जळिताची केस हाय."

"ती जुनी गोष्ट झाली," जयश्री म्हणाली.

"जमिनीची अन् जळिताची केस जुनी होत नाय, बाय. आमची अजून चालू हाय. आणि गाव विचारला तर मोखाडा सांगायचा. नाशकाचा नाव नाय काढायचा."

"का?"

"पंचवटी नाशकात. त्यांच्या पोरीचा नाक तिथंच कापला. आपल्याला काय करायचा त्या भानगडीत?"

जयश्रीने रामायणाची दोन भाषांतरं, एक चिकित्सा आणि तीन कादंबऱ्या वाचल्या होत्या. हा मुद्दा एकातही नव्हता, आणि तो खोडून काढणंही सोपं नव्हतं. तिने गप्प राहणं पसंत केलं. ती गप्प राहिली, की लोकांना वाटायचं तिला पटलं. त्यामुळे सल्ले वाढत गेले. तिच्या शाळेतही हेच. आईला एकटीला सोडायचं नाही म्हणून तिने रजेचा अर्ज टाकला होता; त्यावर मुख्याध्यापकांनी शेरा मारला, 'सदर देश प्रवास सवलतीच्या यादीत बसत नाही.' तिने सवलत मागितलीच नव्हती. तसं लिहून दिल्यावर दुसरा शेरा आला, 'सवलत का मागितली नाही, याचा खुलासा करावा.'

नाशिकच्या एका यात्रा कंपनीला तिने फोन केला. फोनवरच्या बाईंचा आवाज साजूक तुपातला होता. "आमची रामायण स्पेशल आहे ताई. पाच रात्री, सहा दिवस. अशोकवाटिका, लंकादहनाची जागा, आणि शेवटच्या दिवशी रावणवधाचं स्थळ!"

फोन स्पीकरवर होता. आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "त्यांना सांग, शेवटचा दिवस कापा. ता मी दर वर्षी बघितला."

तुपातला आवाज जरा गोठला. "आजी कोणाकडून आहेत?"

"नवऱ्याकडून," जयश्री म्हणाली आणि फोन ठेवला. मग आपण असं का म्हणालो, म्हणून तिचा तिलाच राग आला. या प्रकरणात आपण फक्त कागद करायचे आणि सोबत जायचं, सामील व्हायचं नाही, असं तिचं ठरलं होतं.

कागद करायला ती आईला हेमंतकडे घेऊन गेली. मोखाड्यात स्टँडसमोर हेमंतचं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, मोबाइलचं रिचार्ज, लग्नपत्रिका आणि पासपोर्ट ही सगळी कामं तो एकाच संगणकावर, एकाच वेळी करतो. लाइट असली तर.

नेमका त्याच वेळी जयश्रीला मुख्याध्यापकांचा तिसरा खुलासा मागणारा फोन आला आणि ती रस्त्यावर गेली. रेंज रस्त्याच्या पलीकडच्या पिंपळाखाली मिळते. दहा मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात हेमंतने फॉर्म भरला. तो प्रामाणिक मुलगा आहे, एकही रकाना रिकामा सोडत नाही. इंग्रजी प्रश्न तो मराठीत विचारत गेला, आई उत्तरं देत गेली.

"आजी, तुम्हाला दुसऱ्या कोणत्या नावाने कोणी ओळखतं?"

"कोणी म्हणजे? समदीच ओळखतात."

"कोणत्या नावाने?"

"मंदोदरी."

हेमंतने टाइप केलं. पाच महिन्यांचा घोळ चार सेकंदांत तयार झाला. जयश्री परत आली तेव्हा अर्ज गेलेला होता, पैसे भरलेले होते आणि हेमंत दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेत गणपती बसवत होता.

ठरलेल्या तारखेला मायलेकी पासपोर्टच्या कार्यालयात गेल्या. आई बोहाड्याला नेसायचं ते हिरवं लुगडं नेसली होती. खिडकीपलीकडची मुलगी तरुण होती आणि सकाळपासून थकलेली होती. तिने पडद्यावर पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्यावर.

"मंदोदरी कोण?"

"मीच की."

"कागद आहे का या नावाचा?"

"कागद धाकलीचा हाय. मंदोदरीला कागद कशाला? समद्या गावाला ठाऊक हाय."

"आजी, इथे गाव चालत नाही. कागद लागतो." मुलीने जयश्रीकडे पाहिलं. शिकलेला माणूस दिसला, की सरकारी खिडकीला बरं वाटतं. दोष कोणाला द्यायचा ते ठरतं. "मॅडम, दोनच मार्ग. एकतर या नावाचा पुरावा आणा. नाहीतर हे नाव चुकून टाकलं, या नावाने कोणी ओळखत नाही, असं प्रतिज्ञापत्र द्या. दुसरं सोपं आहे. सगळे तेच करतात."

जयश्रीने सगळे करतात तेच केलं. जव्हारला तहसील कचेरीबाहेर झाडाखाली एक टंकलेखक बसतात. त्यांनी वरचा मथळा न विचारताच टंकला, खालची 'सत्यप्रतिज्ञेवर' ही ओळही टंकली आणि मधे काय खोटं लिहायचं, तेवढं विचारलं. पाच मिनिटांत कागद तयार. 'मी शपथेवर लिहून देते की, मंदोदरी या नावाने मला कोणीही, कधीही ओळखत नव्हते व नाही.'

आईला सही करता येते. लग्नानंतर गुरुजींनी तिला रोज एक अक्षर शिकवलं होतं, चुलीच्या राखेत. वाचताही येतं, फक्त बोट अक्षराखालून फिरवत. तसं तिने वाचलं. 'कधीही'पाशी बोट थांबलं. तिने पेनाला टोपण लावलं.

"हा खोटा हाय."

"आई, नुसता कागद आहे."

"नुसता कसा? वर शपथ लिवलीय."

टंकलेखक म्हणाले, "आजी, शपथ सगळ्यांवरच असते. मनावर नसते घ्यायची."

जयश्रीने समजावलं. नाव ही माणसाची खूण असते, माणूस नव्हे, असं काहीसं ती म्हणाली. हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि वाचताना तिला ते फार पटलं होतं. तहसील कचेरीच्या झाडाखाली मात्र ते तितकंसं उभं राहिलं नाही.

"तुझा बापूस मला काय हाक मारायचा?" आईने विचारलं.

जयश्रीला हाका आठवल्या. 'मंदे, चहा.' 'मंदे, माझा चष्मा.' 'मंदे, जयूचं पत्र आलंय गं.' चाळीस वर्षं त्या घरात धाकली हे नाव कोणी उच्चारलं असेल, तर खानेसुमारीच्या माणसाने.

"आता ता हाक मारणारा नाय," आई म्हणाली, "म्हणून शपथ घेऊन लिवू, का मला कोणी हाक मारलीच नाय?"

"बाई, मागे पार्टी उभी आहे," टंकलेखक म्हणाले.

मागे खरंच पार्टी उभी होती, वारसनोंदीची. जयश्रीने शंभर रुपये ठेवले आणि कागदाची चार घड्यांची चिंधी करून पर्समध्ये टाकली.

राहिला पहिला मार्ग. पुराव्याची कल्पना हेमंतची. आपल्या हातून चूक झाली हे त्याला मान्य नव्हतं, कारण माहिती खरी होती. पण चूक निस्तरायला तो तयार होता. "मॅडम, ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावाला कोण बोलणार? सव्वीस जानेवारी जवळच आहे."

ग्रामसभेचं आमच्याकडे असं आहे, की ती भरत नाही. नोव्हेंबरात पाण्यासाठी बोलावली होती. मार्चपासून सूर्यमाळच्या अंगाला विहिरी तळाला जातात, बाया दोन-दोन डोंगर उतरून हंडा भरतात, त्यामुळे टँकरचा ठराव आधीच करून वर पाठवायचा होता. आली अकरा माणसं. त्यातला एक रस्ता विचारायला आलेला होता. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. त्याआधीची तहकूब. त्याच्याही आधीची तहकूब सभा तहकूब.

सव्वीस जानेवारीला विषयपत्रिकेवर शेवटी विषय लिहिला होता: 'श्रीमती धाकली लहान्या झुगरे या मंदोदरी असल्याबाबत.' झेंडावंदनाला तीस माणसं होती. सभेला दोनशे चाळीस झाली. हजेरीचं रजिस्टर संपलं, उरलेल्यांच्या सह्या शाळेच्या चित्रकलेच्या वहीवर घेतल्या. ग्रामसेवक इतके घाबरले, की त्यांनी आधी पोलिसांना फोन केला आणि मग कारण काय सांगायचं ते न सुचून ठेवून दिला.

ठराव वाचला गेला. "कोणाची हरकत?"

"माझी," असं म्हणत प्रगती उभी राहिली.

प्रगती म्हणजे गुरुजींच्या पुतण्याची, तुषारची बायको. गुरुजींना मुलगा नाही, त्यामुळे रावणाचं सोंग आता तुषारकडे गेलं होतं. मुखवटा त्याच्या घरी, माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रगती डी.एड. झालेली, मुद्द्याने बोलणारी. "काकूंबद्दल आदर आहे. पण नियमाने बघा. मंदोदरी म्हणजे कोण? रावणाची बायको. आत्ता रावण कोण? आमचे हे. मग मंदोदरी कोण?"

सभेने तुषारकडे पाहिलं. तुषार, भावी दशानन, चपलेच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"म्हणजे रावण मेला, की मंदोदरी रिटायर?" मंगळीकाकू ओरडली.

"पेन्शन तरी द्या!" मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

आपल्या घरची गोष्ट दोनशे चाळीस लोक हसत हसत चघळतायत, याहून जयश्रीला वाईट वाटलं ते हे, की प्रगतीचा मुद्दा तर्काला धरून होता. नवरा गेला की बाईचं कुंकू जातं, पहिल्या रांगेतली जागा जाते, जेवायला बसवायचा क्रम बदलतो. नावच तेवढं राहायला कशाला हवं?

ग्रामसेवक तोडगा काढण्यात मुरलेले. "दोन्ही ठेवू. काकू थोरली मंदोदरी, प्रगतीताई धाकली मंदोदरी. लिहू?"

"लिहा," सभा म्हणाली.

त्यांनी लिहिलं आणि वाचलं. "श्रीमती धाकली या थोरल्या मंदोदरी असून, सौ. प्रगती या धाकल्या मंदोदरी..." ते थांबले. "म्हणजे धाकली ती थोरली. आणि धाकली ती धाकली नव्हे."

"धाकली कोण मग?" सरपंचांनी विचारलं.

"धाकली थोरली!"

"मग प्रगतीचा नाव धाकली कधी झाला?"

"नावाने नाही हो, वयाने!"

दोन कागद फाटले. तिसऱ्यावर ग्रामसेवक 'थोरली' दोनदा लिहून 'धाकली' विसरले. शेवटी त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, "काकू, तुमचं तुम्हीच सांगा बाई काय ते."

आई उठली. गुडघ्यावर हात देत, सावकाश. तिने प्रगतीला विचारलं, "तुला तुषार काय हाक मारतो?"

"प्रगती."

"एरवी?"

प्रगती लाजली. "पगू."

"मग पगूच राहा, पोरी. चांगला नाव हाय. सोंग तुमच्या घरी गेला, ता तुमचा. मी मुखवटा मागितला का? मला हाक मारायचे ते ह्या नावाने. ती हाक तेवढी माझी हाय. ती कुठल्या माळ्यावर ठेवणार तुम्ही?"

प्रगती खाली बसली. आणि मग, जयश्रीला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही, की असं का झालं, पण ती उठली, ग्रामसेवकांच्या हातातून पेन घेतलं आणि म्हणाली, "सरका जरा. मी लिहिते."

तिने एकच वाक्य लिहिलं. 'श्रीमती धाकली लहान्या झुगरे यांना त्यांचे पती कै. लहान्या गुरुजी चाळीस वर्षे मंदोदरी या नावाने हाक मारीत, व ती हाक या गावाने ऐकलेली आहे.' सूचक मंगळी. अनुमोदक, थोड्या खाकरण्यानंतर, तुषार.

हात वर होणार इतक्यात आई म्हणाली, "थांबा. आधी पाण्याचा घ्या."

"काय?"

"माणसं बसलीत तं. टँकरचा ठराव आधी. तो झाला, की मग माझा."

ग्रामसेवकांनी गणपूर्ती मोजली आणि त्यांचे डोळे भरून आले. तीन वर्षं तहकूब पडलेला ठराव दीड मिनिटात झाला. त्यानंतर मंदोदरीचा. दोन्ही एकमताने.

ठराव पासपोर्टच्या खिडकीत दिल्यावर पोलीस चौकशीला आलेले हवालदार पाड्यात मोटरसायकल चढेना म्हणून अर्धा डोंगर चालत आले, त्यामुळे लवकर आटपायच्या मनःस्थितीत होते. "आजींवर काही गुन्हा?"

"हिच्यावर नाय," मंगळीकाकू म्हणाली. "हिच्या नवऱ्यावर एक हाय. बाई पळवल्याचा."

हवालदारांचं पेन थांबलं. जयश्रीने खुलासा करायला तोंड उघडलं, पण हवालदारांचं मूळ गाव वाडा तालुक्यातलं निघालं आणि त्यांच्या आज्याकडे नारदाचं सोंग होतं. त्यांनी चहा घेतला, आईच्या पाया पडले आणि 'वर्तणूक चांगली' असं लिहून डोंगर उतरले.

पासपोर्ट एकविसाव्या दिवशी आला. टँकर अजून यायचाय.

श्रीलंकेच्या परवानगीचा अर्ज हेमंतने भरला तेव्हा जयश्री त्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली होती. मुख्याध्यापकांचा फोन आला, तो तिने कापला. अर्ज संपला. आई म्हणाली, "माझा दुसरा नाव नाय इचारला?"

"नाही, आजी," हेमंत म्हणाला. त्यालाही चुकल्यासारखं वाटत होतं. "तिकडच्या फॉर्मात तो रकानाच नाही."

आईने क्षणभर विचार केला. "त्यांना ठाऊक असंल," ती म्हणाली.

सामान गुरुजींच्या यादीप्रमाणे भरलं. जयश्रीने एकेका ओळीवर पेन्सिलीने खूण केली. मीठ. पापड. टोप्या दोन, गुरुजींची टोपी तिला जरा मोठी झाली. एका रुमालात आईने गुरुजींच्या पायातल्या चाळाचे दोन घुंगरू बांधून घेतले. दुसरा तिने कनवटीला लावला. तिसरा उरला. जयश्रीने तो घडी करून पर्समध्ये टाकला, मुद्दाम असं नाही, यादीत होता म्हणून.

विमानतळावर घुंगरांनी सामानाच्या यंत्राला ओरडायला लावलं. मग ते उलगडून दाखवावे लागले. हे काय, कशाचं, कशासाठी, हे आईने इतकं सविस्तर सांगितलं, की मागची रांग दुसऱ्या यंत्राकडे वळली. तिथून पुढे पासपोर्टवर शिक्का मारायची खिडकी. एकेकाने जायचं. जयश्री पिवळ्या रेघेमागे थांबली. आई एकटी पुढे गेली आणि खिडकीपाशी पोचल्यावर समोर न बघता छताकडे बघत उभी राहिली. एवढं उंच छप्पर शाकारायला माणसं किती लागली असतील, याचा बहुधा तिला हिशेब लागत नव्हता.

"धाकली?" अधिकाऱ्याने पासपोर्टवरून वाचलं.

आई छताकडे बघत होती.

"धाकली?" तो जरा मोठ्याने म्हणाला. "आजी! धाकली कोण?"

आईने मागे वळून पाहिलं. असेल कोणीतरी, अशा नजरेने. जयश्रीने हाक मारायला तोंड उघडलं. अधिकाऱ्याने पासपोर्ट डोळ्यांजवळ नेला, भुवया वर गेल्या, आणि त्याने पुढचा शब्द वाचला.

"मंदोदरी?"

"ओऽ!"

स्वयंपाकघरातून यायचा तोच ओ. हातातलं काम न सोडता, वळूनही न बघता दिलेला. आता पाठोपाठ चहाचा कप येईल, असा.

अधिकारी हसू दाबत होता. "तिकडे कोण आहे तुमचं, आजी?"

"सासर."

"सासरी कोण आहे?"

"आता कोण नाय," आई म्हणाली. "बघून येते."

त्याने आणखी काही विचारलं नाही. शिक्का मारला. आवाज चांगला खणखणीत आला.

पिवळ्या रेघेमागे जयश्रीने पर्स उघडली. वरच शपथेच्या कागदाची चिंधी होती, ती तिने बाजूला केली. खाली तिसरा रुमाल होता. टोप्या दोन, चपला दोन, झेरॉक्स दोन, आणि रुमाल तीन. तीनदा नाही म्हटलेल्या लेकीला गुरुजींनी यादीतून वगळलं नव्हतं. तिने रुमाल तोंडावर दाबला. मागचा माणूस म्हणाला, "मॅडम, तुमचा नंबर," मग तिच्याकडे बघून आपली बॅग उगाच इकडची तिकडे करू लागला.

आई खिडकीपलीकडून दोन पावलं परत आली. तिथून परत यायचं नसतं, असं दोन जण ओरडले; त्यांच्याकडे तिने लक्ष दिलं नाही. काचेशी नाक लावून तिने लेकीकडे नीट पाहिलं.

"रडतंस कशाला, बाय?" ती म्हणाली. "सासरी तं मी चालले."